दोन कॉम्प्युटर, एक तार

शनिवार दुपार, कर्वेनगर, जून २००४

तुम्ही पुण्यातल्या एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन पोचला आहात. लिफ्ट नाही, त्यामुळे जरा दम लागलाय. या घरात तुम्हाला सगळे ‘दादा’ म्हणतात. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सुरू व्हायचंय. सवयीनं खिशातला फोन काढता आणि हॉटस्पॉट कुठे चालू करायचा ते शोधता. हातात नोकिया ११०० आहे. त्यात सापाचा गेम आहे, टॉर्च आहे, इंटरनेट नाही. टॉर्च संध्याकाळी लागेल, बॅटरी जपून वापरा.

मागच्या खोलीतला कॉम्प्युटर नवा आहे. पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, विंडोज एक्सपी. बाबांनी बोनसच्या पैशांतून असेंबल करून घेतला. काम संपलं की त्यावर प्लास्टिकचं कव्हर चढतं आणि कव्हरवर आई विणलेला रुमाल टाकते. दुसरा कॉम्प्युटर आतल्या खोलीत, पाच वर्षं जुना. ६४ एमबी रॅम, विंडोज ९८ सेकंड एडिशन, फ्लॉपी ड्राइव्ह कुरकुरणारा. एक्स्चेंजमध्ये दुकानदारानं त्याची जी किंमत केली ती ऐकून बाबा म्हणाले, ‘त्यापेक्षा राहू दे घरातच.’ तो आता धाकट्या बहिणीचा.

इंटरनेटची तार मात्र एकच. ती केबलवाल्याची. तोच टीव्हीची केबल देतो, तोच नेट देतो. गच्चीगच्चीवरून आणलेली तार तुमच्या जिन्यातल्या लोखंडी पेटीत उतरते. पेटीत आठ पोर्टांचा स्विच लुकलुकत असतो आणि तिथून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खिडकीत एकेक करडी तार जाते. वेग ६४ केबीपीएस, पण दिवसभर चालू आणि मिनिटांचा मीटर नाही. हे सुख या घराला नवं आहे. आत्तापर्यंत डायल-अप होतं. मोडेम किंचाळायचा, फोन तासन्‌तास एंगेज लागायचा आणि दुसऱ्या दिवशी आत्याची बोलणी खावी लागायची. व्हीएसएनएलनं १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्याला अजून नऊ वर्षंही झालेली नाहीत.

‘दादा, ऊठ ना. अर्धा तास म्हणाला होतास, दीड तास झाला.’

धाकटीची बारावी झालीय. तिला कॉलेजांच्या साइट बघायच्यात, मैत्रिणींशी याहू मेसेंजरवर बोलायचंय. तिचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत नुसता बसून आहे आणि ती तुमच्या खुर्चीमागे उभी आहे. रोज संध्याकाळी या खुर्चीवरून भांडण होतं. आज ते मिटवायचं आणि तुमच्या पाकिटातल्या सातशे रुपयांत मिटवायचं.

हिशेब

आजच्या माणसाला पहिलं सुचतं ते वाय-फाय राउटर. पण ते या घरात कुणी उच्चारतही नाही. कारण साधा, तारेचा राउटर घ्यायचा तरी सातशे रुपये पुरायचे नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे दुसरं कनेक्शन. मग दर महिन्याला दुप्पट बिल. बाबा पेपरातून मानसुद्धा वर करणार नाहीत.

तिसरा मार्ग म्हणजे खिडकीतून आलेली तार एका छोट्या स्विचमध्ये खुपसायची आणि स्विचमधून दोन तारा दोन कॉम्प्युटरना द्यायच्या. स्वस्त आहे, पण चालणार नाही. प्रत्येक लॅन कार्डावर कारखान्यातच बारा अंक-अक्षरांचा एक पत्ता कोरलेला असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. केबलवाल्यानं तुमचं खातं तुमच्या कार्डाच्या मॅकशी बांधून टाकलंय. दुसरं कार्ड दिसलं की त्याचा सर्व्हर दार लावतो.

त्याला चोरून काही करण्यापेक्षा विचारलेलं बरं. तुम्ही लँडलाइनवरून फोन लावता. मागे कुठेतरी क्रिकेटची कॉमेंटरी चालू आहे.

‘अहो, घरात तुम्ही दहा कॉम्प्युटर लावा. मला माझ्या इथून एकच मॅक दिसला पाहिजे. दुसरा दिसला तर दुसऱ्याचे पैसे.’

फोन ठेवताना लक्षात येतं, त्यानं परवानगी दिलीच, वर रस्ताही दाखवला. बाहेर दिसणारा कॉम्प्युटर एकच हवा. दुसऱ्यानं त्याच्या आडून नेट वापरायचं. विंडोजमध्ये ही सोय १९९९ च्या ९८ सेकंड एडिशनपासून फुकट मिळते. नाव ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’. त्याआधीही कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेवाले विनगेटसारखं सॉफ्टवेअर टाकून एका लाइनवर पाच-सहा कॉम्प्युटर चालवतच होते.

नव्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर एक लॅन पोर्ट आहेच, त्यात केबलवाल्याची तार. त्याला घराच्या बाजूसाठी दुसरं कार्ड हवं. जुन्यात एकही नाही, त्याला एक. म्हणजे दोन कार्डं आणि मधली तार. यादी तयार.

तापकीर गल्ली

पीएमटीची बस तुम्हाला शहरात सोडते. तिथून चालत बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. इथे वायरी, स्विचेस, ट्यूबचे चोक, स्पीकर, रिमोट, सगळं एकमेकांच्या अंगावर टांगलेलं. दोन माणसं समोरासमोर आली की एकाला दुकानात शिरावं लागतं. तुम्ही अशाच एका अरुंद दुकानात शिरता.

‘लॅन कार्ड दाखवा. पीसीआय.’

काउंटरवर दोन खोकी येतात. एक नामांकित कंपनीचं, एक बिननावाचं. बिननावाचं कार्ड हातात घेऊन उलटंपालटं करा. मधल्या काळ्या चिपवर बारीक अक्षरं आहेत: रिअलटेक, आरटीएल ८१३९. खोक्यावर कुणाचंही नाव असो, त्या वर्षीच्या स्वस्त कार्डांत बहुतेक वेळा हीच चिप सापडते. १०० एमबीपीएस देते, ९८ मध्ये चालते, एक्सपीमध्ये चालते. दोनशे ऐंशीला एक, दोन घ्या. सोबत ड्रायव्हरची फ्लॉपी मागून घ्यायला विसरू नका, ९८ ला ती लागू शकते.

‘वायर किती मीटर?’ दुकानातला पोरगा विचारतो.

मागच्या खोलीतून दाराच्या चौकटीवरून आतल्या खोलीपर्यंत. ‘बारा.’

‘स्ट्रेट मारू का क्रॉस?’

दुकानदार गप्प बसून तुमच्याकडे बघतो. या एका उत्तरावर सगळी संध्याकाळ अवलंबून आहे. इथे चूक झाली तर घरी गेल्यावर दिवासुद्धा लागणार नाही आणि बिघाड कुठे आहे ते कळणारही नाही.

‘क्रॉस. कॉम्प्युटर टू कॉम्प्युटर.’

पोरगा मान हलवतो आणि कामाला लागतो. काउंटरवर वाका आणि त्याची बोटं बघा. ब्लेडनं वरचं करडं साल इंचभर सोलतो. आत आठ तारा, दोन-दोनच्या जोडीनं पिळलेल्या. पीळ सोडवून अंगठ्यानं दाबत आठही तारा ओळीत सपाट करतो: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टोकं एका रेषेत कापतो, पारदर्शक कनेक्टरमध्ये सारतो आणि कनेक्टर डोळ्यासमोर धरतो. समोरून तांब्याचे आठ ठिपके दिसले पाहिजेत. सातच दिसले तर पुन्हा. मग क्रिंपिंगच्या पकडीत घालून दाबतो, कट्ट. बाहेरचं सालसुद्धा कनेक्टरच्या आत दाबलं गेलंय ना, ते ओढून बघतो. ते बाहेर राहिलं तर महिन्याभरात तार सैल पडते.

दुसऱ्या टोकाला तो केशरी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल करतो. पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-केशरी, निळा, पांढरा-निळा, केशरी, मग दोन तपकिरी. क्रॉस म्हणजे एवढंच. लॅन कार्ड पहिल्या-दुसऱ्या पिनेवरून पाठवतं आणि तिसऱ्या-सहाव्या पिनेवरून घेतं. स्विच मध्ये असेल तर ही उलटापालट तो करतो. इथे दोन कार्डं थेट समोरासमोर आहेत. सरळ तार लावली तर दोघंही एकाच जोडीवर पाठवत बसतील आणि ऐकायला कुणीच नसेल. म्हणून उलटापालट तारेतच करायची. उरलेल्या चार तारा या वेगाला लागतही नाहीत.

बिल: दोन कार्डं ५६०, बारा मीटर वायर ९६, दोन कनेक्टर २०. एकूण ६७६. क्रिंपिंगचे पैसे तो घेत नाही. उरलेल्या चोवीस रुपयांत एक वडापाव आणि परतीचं तिकीट.

कॅबिनेट उघडताना

घरी आल्यावर नव्या कॉम्प्युटरची मागची पिन काढा. बाजूचे स्क्रू सोडवा, पत्रा सरकवा. आता खिशातली टॉर्च काढा. आत धूळ आहे, पंख्यावर जास्तच. कार्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवा. पांढऱ्या पीसीआय स्लॉटसमोरची पत्र्याची पट्टी काढताना ती बोट कापते, तेव्हा जपून. कार्ड स्लॉटवर सरळ ठेवा आणि दोन्ही टोकांना सारखा दाब द्या. बसलं की हाताला कळतं. एक स्क्रू मारा.

आई दारात येऊन उभी राहते. ‘बाबांनी एवढा नवा आणलाय, तो उघडून काय बसलायस?’

‘नेट आतल्या खोलीत न्यायचंय.’

‘न्या. पण चौकटीला खिळे मारायचे नाहीत, सांगून ठेवते.’

मग तार दाराच्या वरून सेलोटेपनं.

एक्सपी सुरू होताच नवं कार्ड आपणहून ओळखतो. कंट्रोल पॅनलमध्ये नेटवर्क कनेक्शन्स उघडा. दोन चिन्हं दिसतील: ‘लोकल एरिया कनेक्शन’ आणि ‘लोकल एरिया कनेक्शन २’. पहिलं काम, दोन्हींची नावं बदला. बाहेरून आलेल्या तारेचं नाव ‘केबल’ आणि आत जाणाऱ्या तारेचं ‘घर’. कोणतं कुठलं ते कळत नसेल तर एक तार उपसा, ज्यावर लाल फुली येईल ते त्या तारेचं.

हा बालिश वाटणारा उद्योग पुढचा मोठा घोळ टाळतो. आता ‘केबल’वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड. तिथल्या शेअरिंगच्या चौकटीत टिक. एक्सपी एक सूचना दाखवतो, की घराच्या बाजूच्या कार्डाला आता १९२.१६८.०.१ हा पत्ता मिळेल. होय म्हणा. तेवढ्यानं तुमचा कॉम्प्युटर घरात पत्ते वाटायला लागतो.

हीच टिक चुकून ‘घर’वर मारली असतीत तर सगळं उलटं झालं असतं. तुमच्या कॉम्प्युटरनं बाहेरच्या तारेवर पत्ते वाटायला घेतले असते. जिन्यातल्या स्विचमधून ते शेजारपाजारच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचले असते. ज्यानं ते घेतले त्याचं नेट बंद. खालच्या मजल्यावरचे काका केबलवाल्याला झापत बसले असते आणि केबलवाला एकेक तार उपसत तुमच्या दारात आला असता. त्या काळातल्या बिल्डिंग-नेटवर्कमध्ये हे प्रकार नेहमी घडत.

आता आतली खोली. जुन्या कॉम्प्युटरात दुसरं कार्ड बसवा. विंडोज ९८ नवं हार्डवेअर सापडल्याचं सांगतो, फ्लॉपी मागतो, कुरकुर वाचून घेतो आणि मग म्हणतो, ‘विंडोज ९८ सेकंड एडिशनची सीडी घाला.’ सीडी कुठे आहे? बाबांच्या कपाटात, गॅरंटी कार्डांच्या पिशवीत. सीडी घातली की रीस्टार्ट. टीसीपी-आयपीच्या सेटिंगमध्ये ‘पत्ता आपोआप घ्या’ निवडा. पुन्हा रीस्टार्ट. ९८ ला नेटवर्कमधली काडी हलवली तरी रीस्टार्ट लागतो. धाकटी तोपर्यंत पलंगावर पाय हलवत बसली आहे.

काळी डॉसची खिडकी उघडा. टाइप करा: पिंग १९२.१६८.०.१.

एकाखाली एक चार ओळी उमटतात. ‘रिप्लाय फ्रॉम’, आणि पुढे दहा मिलिसेकंदांहून कमी. दोन कॉम्प्युटर एकमेकांना दिसले. आता धाकटीला बसू द्या. ती याहू उघडते. खालची निळी पट्टी सावकाश सरकते, आधी अक्षरं येतात, मग चित्रं वरून खाली उलगडत जातात.

‘आलं!’ ती ओरडते. आणि मागच्या खोलीत तुमचं पानही उघडतंय.

दिंडीदरवाजा

केबलवाल्याला अजूनही एकच मॅक दिसतोय. मग दोघांची पानं वेगवेगळी कशी पोचतात?

सदाशिव पेठेतला जुना वाडा आठवा. पत्ता एकच, बिऱ्हाडं बारा. बाहेरच्या जगाला फक्त वाड्याचा नंबर माहीत. कुणाचं काय ते दिंडीदरवाजाशी बसलेल्या मालकाला माहीत. तुमच्या एक्सपीनं आता ती जागा घेतलीय. धाकटीच्या कॉम्प्युटरनं पान मागितलं की एक्सपी त्या मागणीवरचा तिचा पत्ता पुसतो, स्वतःचा घालतो, त्याला एक पोर्ट क्रमांक जोडतो आणि आपल्या तक्त्यात नोंद ठेवतो, की हा क्रमांक आतल्या खोलीचा. उत्तर आलं की क्रमांक बघून आत पाठवतो. पोर्ट क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात, त्यामुळे दोनच काय, बरीच बिऱ्हाडं एका दारातून चालतात.

या युक्तीचं नाव नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन, नॅट. ती १९९४ साली कागदावर मांडली गेली. कारण तेव्हाच दिसायला लागलं होतं, की इंटरनेटचे पत्ते पुरणार नाहीत. जुन्या पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी. पृथ्वीवरची माणसं त्याहून जास्त. फेब्रुवारी १९९६ मध्ये काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले: १० नं सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ चे. हे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर फिरत नाहीत, म्हणून एकाच वेळी लाखो घरांत तेच ते वापरता येतात.

आता ‘केबल’ या कनेक्शनचा पत्ता बघा. तो १० नं सुरू होतोय. म्हणजे केबलवाल्यानं तुम्हाला दिलेला पत्तासुद्धा खासगीच आहे. त्याच्याकडे खरे पत्ते मोजके, गिऱ्हाइकं शेकडो. तुम्ही आत्ता धाकटीसाठी जे केलंत तेच तो अख्ख्या कर्वेनगरासाठी करतोय. काटकसर तुमच्या घरात सुरू झालेली नाही. ती वरूनच चालत आलीय.

दाराशी बसण्याची किंमत

पुढचे काही आठवडे भरभर पुढे सरका.

६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. चार एमबीचं एक गाणं उतरवायला साडेआठ मिनिटं. दोघांनी एकदम काही उतरवलं की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा वेग. म्हणून घरात नियम ठरतो: मोठी डाउनलोड्स रात्री अकरानंतर. उलट दोन कॉम्प्युटरमधली तार १०० एमबीपीएसची, बाहेरच्या तारेच्या दीड हजार पट वेगवान. त्याचा फायदा अनपेक्षित. लग्नाचे फोटो सेकंदांत इकडून तिकडे जातात, आतल्या खोलीतून मागच्या खोलीतल्या प्रिंटरवर छपाई होते आणि रविवारी दुपारी भाऊ-बहीण एज ऑफ एम्पायर्समध्ये एकमेकांची गावं जाळतात.

अडचण एकच. धाकटीला नेट हवं असेल तर तुमचा कॉम्प्युटर चालू हवा.

‘तू झोपलायस तरी हा कशाला घरघरतोय?’ आई विचारते.

‘तिला नेट हवंय.’

‘आणि बिल कोण भरणार?’

तुम्ही मॉनिटर बंद करता, डबा चालू ठेवता.

मग एका संध्याकाळी स्क्रीनच्या मधोमध एक चौकट उगवते. सिस्टिम शटडाउन. ६० सेकंद, ५९, ५८. तुम्ही काहीही दाबलेलं नाही. हा सॅसर आहे. एप्रिल २००४ च्या अखेरीस जगभर सुटलेला वर्म. कुठली फाइल उघडावी लागत नाही, कुठल्या लिंकवर जावं लागत नाही, नुसतं तारेवर असणं पुरतं. तो लिहिणाऱ्या जेमतेम अठरा वर्षांच्या जर्मन पोराला मे महिन्यात पकडलं, पण वर्म अजून फिरतोय. आणि केबलवाल्याच्या एकाच जाळ्यात सगळी बिल्डिंग एकमेकांना उघडी आहे.

घाई करा. स्टार्ट, रन, ‘शटडाउन’, स्पेस, डॅश, ‘ए’, एंटर. मोजणी थांबते. आता मायक्रोसॉफ्टनं १३ एप्रिललाच दिलेला पॅच उतरवून घ्या. शेअरिंगची टिक मारली होती त्या ॲडव्हान्स्ड टॅबवर परत जा. तिथे वरच्या बाजूला फायरवॉलची चौकट आहे. तुम्ही ती तेव्हा बघितली होती आणि रिकामी सोडली होती. एक्सपीनंही मुळात रिकामीच दिली होती. ऑगस्टमध्ये येणारं सर्व्हिस पॅक २ ती आपोआप भरेल. पण ते पूर्ण पॅक २६६ एमबीचं. तुमच्या वेगानं साडेनऊ तास. लोक ते मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडीवरून टाकतील.

या धावपळीत आतल्या खोलीत काय चाललंय? काही नाही. धाकटी निवांत चॅट करतेय. सॅसर विंडोज ९८ ला लागत नाही, हे एक. पण तिच्याकडे एक्सपी असता तरी बाहेरून थेट आलेला हल्ला तिच्यापर्यंत पोचला नसता. तिनं काही मागितलंच नव्हतं, त्यामुळे तक्त्यात नोंद नाही. नोंद नसलेली वस्तू आत कुठे द्यायची ते एक्सपीला माहीत नाही. जो दाराशी बसतो त्याच्यावर पहिला घाव येतो आणि आतला त्याच्या जिवावर निर्धास्त राहतो.

आणि पाऊस. आभाळ गडगडलं की घरात पहिली हाक येते, ‘दादा, तार काढ!’ गच्च्यांवरून लोंबणाऱ्या तांब्याच्या तारांतून वीज शिरते आणि स्विचेस, लॅन कार्डं, कधी मदरबोर्डसुद्धा जाळून टाकते. आजच्या फायबरला ही भीती नाही, काचेतून वीज वाहत नाही.

पुढे, घाईघाईनं

ऑक्टोबर २००४. केंद्र सरकार ब्रॉडबँड धोरण जाहीर करतं आणि २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचं ठरतं. तुमच्या चौपट.

जानेवारी २००५. बीएसएनएलचं डेटावन येतं. फोनच्या तारेवर नेट, तरी फोन मोकळा. पुढे रात्री दोन ते सकाळी आठ फुकट डाउनलोडची योजना येते आणि घराघरांत पहाटेचे गजर लागतात. काही मोडेमना एक यूएसबी आणि एक लॅन अशी दोन भोकं असतात. एक कॉम्प्युटर एका भोकात, दुसरा दुसऱ्यात, जास्तीचा खर्च शून्य. पत्ते वाटण्याचं काम आता मोडेमच्या पोटात गेलंय. आईचा विजेच्या बिलाचा प्रश्न सुटला.

मग वाय-फाय येतं आणि दाराच्या चौकटीवरचा सेलोटेप निघतो. कार्डं स्वतःच ओळखायला लागतात, की समोर कोण आहे, आणि स्ट्रेट का क्रॉस हा प्रश्न तापकीर गल्लीतून नाहीसा होतो.

३ फेब्रुवारी २०११. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले जुन्या पद्धतीचे शेवटचे पत्ते वाटून संपतात. एप्रिल २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांमध्ये पत्ते वाटून देण्यासाठी वेगळा संचच राखून दिला जातो, १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत. केबलवाला जे करत होता ते आता मोठ्या कंपन्या करतात, त्यांच्यासाठीचा तो संच. खरा उपाय म्हणजे १२८ बिटांचे नवे पत्ते. भारतातल्या मोबाइल कंपन्यांनी ते मोठ्या प्रमाणावर स्वीकारलेही आहेत. तरी जुनी पद्धत संपलेली नाही, आणि ती चालतेय ती वाटून घेण्यावरच.

परत आल्यावर

आता आपल्या वर्षात या. तुमच्या घरात भिंतीवर एक पांढरा डबा आहे. त्याच्यावर फोन, टीव्ही, लॅपटॉप, दाराचा कॅमेरा, कदाचित वॉशिंग मशीनही. तो करतो ती कामं तीनच: घरात पत्ते वाटणं, बाहेर जाताना पत्ता बदलणं, तक्त्यात नोंद ठेवणं. कर्वेनगरातल्या एक्सपीनं केलेली तीच. फरक इतकाच, की तेव्हा दाराशी कोण बसलंय हे घरातल्या एकाला तरी माहीत होतं. आज बहुतेक घरांत ते कुणालाच माहीत नसतं. डबा कंपनीच्या माणसानं लावला, वाय-फायचा पासवर्ड कागदावर लिहून दिला आणि तो गेला.

२०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरनं जगभरातले कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले. त्यासाठी त्यानं कुठली मोठी विद्या वापरली नाही. कारखान्यातून आलेले युजरनेम आणि पासवर्ड नुसते टाकून बघितले, आणि ते चालले. कारण कुणी बदललेच नव्हते.

म्हणून आज एवढं करा. राउटर उलटा करून खालचं स्टिकर वाचा. तिथे १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा पत्ता असेल. तो ब्राउझरमध्ये टाका, आत शिरा. जोडलेल्या उपकरणांची यादी वाचा आणि ओळखीचं नसेल ते काढून टाका. फर्मवेअरचं अपडेट आलं असेल तर घ्या. आणि वाय-फायचा नव्हे, त्या ॲडमिनच्या पानाचा पासवर्ड अजून स्टिकरवरचाच असेल, तर तो आत्ताच बदला. पैसे लागत नाहीत आणि वेळ चहा उकळेपर्यंतचा.